उडीद कोणी मांडले

त्या दिवशी हॉलात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मी मनचं काही घालत नाही हे कळेल. टिपणीस सर होते, ते तर बोलायलाच उभे. त्यांच्या मिसेस, शालिनी वहिनी, फोटो दाखवायच्या मशीनपाशी. देवळाचे ट्रस्टी नाना पहिल्या रांगेत, खुर्चीवर. बाबल गुरव दाराला टेकून. फुलवाली शेवंता माझ्या बाजूला. आमचे मालक पार मागे, भिंतीशी. आणि मी. बाकी शाळेची पोरं आणि चाळीतली माणसं. नावं घेतली त्यांतली आता मी आणि शेवंता उरलोय, आणि शेवंताला ऐकू येत नाही. म्हणून मीच सांगते. मी दुसरी शिकलेली. वाचता येतं थोडं, लिहायला हात चालत नाही. नातसून लिहून घेते. तिला म्हटलंय, बाय माझे, मी बोलते तसं लिही, शहाणपणा करू नको.

घाटकोपरला डोंगराच्या अंगाला शनीचं देऊळ होतं. नाव घेत नाही, माणसं बदलली आता. त्याच्या भिंतीला लागून आम्ही बायका शनिवारी बसायचो. शेवंता फुलं विकायची. मी रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद, बिब्बे, लिंबं आणि वाटीत तेल. रुई पाइपलाइनच्या कडेनं उगवते, फुकट. पण तिचा चीक वाईट, डोळ्यात गेला तर डोळा जातो. माझी बोटं बारा महिने काळी. साडेसातीवाला माणूस यायचा, माळ घ्यायचा, तेल घ्यायचा, आत जाऊन देवाच्या डोक्यावर ओतायचा, मागं न बघता निघून जायचा. माझं घर त्याच्यावर चालायचं. मालक गिरणीत होते, पण गिरणीचा पगार आणि आमची खाणारी तोंडं, मेळ बसायचा नाही.

सर पहिल्यांदा आले ते गिराणाच्या दिवशी. ऐंशी सालचं सूर्याचं गिराण, मोठ्या माणसांना आठवत असेल. शनिवारच होता. धंद्याचा दिवस आणि रस्त्यावर कुत्रं नाही. देवळाला कुलूप, खिडक्या बंद, पोटुशी बाई असेल त्या घरात तर पडदेसुद्धा ओढलेले. मी एकटी टोपली घेऊन बसलेली. घरी जाऊन तरी काय करायचं, माळा ओवून झाल्या होत्या, सुकल्या तर फेकायच्या.

तर हे गृहस्थ डोंगरावरून चालत आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला पिशवी, आणि पॅण्टच्या एका पायाला सायकलची क्लिप. सायकल कुठंच नाही. पायरीवर बसले आणि पुडीतून चणे खायला लागले. गिराणात! मी बघतच राहिले.

म्हणाले, "घ्या, मावशी."

मी म्हटलं, "गिराणात खात नाहीत."

"खाल्ल्यावर कुणाला काही झालेलं पाहिलंत?"

"नाही पाहिलं."

"मग पाहिल्याशिवाय बोलू नये."

हे त्यांचं वाक्य. पुढं किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही. पोरगा म्हणाला पाऊस येणार, की सर म्हणणार, पाहिलास का? शेवंता म्हणाली नवऱ्यानं दुसरी ठेवलीय, की सर म्हणणार, पाहिलीस का? शेवंता म्हणायची, "पाहिली ना, सर! मासळीबाजारात!"

त्या दिवशी त्यांनी मला काजळी धरलेली काच दिली. त्यातून सूर्य बघितला. एका बाजूनं पोरानं खाल्लेल्या भाकरीसारखा. मग मी चणे खाल्ले. सकाळपासून उपाशी होते, बरं वाटलं. गिराण सुटलं तसं खालून दान मागणारे ओरडत आले, दे दान सुटे गिराण, आणि सर उठून हसत निघून गेले. क्लिप तशीच पायाला.

ते जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आमची थोरली कुसुम त्यांच्याच शाळेत होती. सायकल कधीतरी चोरीला गेली होती, पण क्लिप लावायची सवय राहिली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सायकल मिळाली तर तयार असलेलं बरं." असा माणूस.

मग दर शनिवारी यायला लागले. देवळात पाय टाकायचे नाहीत. माझ्या टोपलीशी उकिडवे बसायचे आणि सांगायचे. काय सांगायचे, तर अमेरिकेनं आकाशात दोन यानं सोडलीत, माणूस नाही आत, नुसतं यंत्र आणि कॅमेरा, आणि ती शनीकडं चाललीत. मी कानाला हात लावला. म्हटलं, आपणहून शनीकडं कोण जातं? लोक तो आपल्या राशीतून जावा म्हणून तेल घालतात आणि हे त्याच्या घरी निघाले! सर इतके हसले की शेवंताच्या फुलांवर टेकले. तिनं शिव्या घातल्या.

पण मला गोडी लागली. ते शहरात जाऊन कुठल्या लायब्ररीत परदेशी पुस्तकं बघायचे, फोटो उतरवून आणायचे, कधी छापलेले कात्रण आणायचे. शनीला आपल्यासारखा एक चंद्र नाही, खंडीभर आहेत. आणि बहुतेक बर्फाचे. मी म्हटलं, बर्फाच्या गाडीवर असतो तसा बर्फ? म्हणाले, तसाच, पण दगडापेक्षा कडक. त्यांची नावं परदेशी, माझ्या तोंडात बसेनात. मग मीच नावं ठेवली. एकाला एका बाजूला एवढा थोरला खळगा, कुणी नारळ आपटावा तसा. तो ठेचक्या. एक सगळा धुक्यात झाकलेला, तोंड दाखवत नाही. ती नवी नवरी. एक अर्धा काळा कुळकुळीत आणि अर्धा पांढरा, भाकरी एका बाजूनं तव्यावर विसरली तर होते तसा. तो करपा. आणि एक पांढराशुभ्र, सगळ्यात पांढरा, बऱ्याच ठिकाणी एक डाग नाही. तो माझा आवडता. त्याला मी सारवलेला म्हणायची. रोज कुणीतरी सारवून जातं असं अंगण.

सर म्हणाले, "मावशी, तिथले शिकलेले लोकही तेच विचारतात. हा इतका ताजा कसा? बाकीच्यांवर जुने ओरखडे, याच्यावर नाहीत. आतून काहीतरी वर येत असेल आणि पुन्हा पसरत असेल. पण कुणी पाहिलं नाही, म्हणून मी बोलत नाही."

घरी जाऊन मी मालकांना सांगायची. ते मालवणीत करवादायचे, "त्या मास्तराक इचार, चंद्र खाऊक येता काय!" पण कान द्यायचे. एकदा रात्री जेवताना आपणहून म्हणाले, "त्या करप्याचा काय झाला?"

दुसरं यान शनीपाशी पोचलं तेव्हाची गोष्ट. सर आले ते तोंड पाडून. मला वाटलं घरी कुणी गेलं. म्हणाले, "यानाची मान अडकली, मावशी. कॅमेरा वळत नाही."

मी म्हटलं, "मानेला तेल सोडा थोडं."

ते बघत राहिले आणि मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या फेरीला लांबूनच ओरडत आले, "हलली! मान हलली! तुमचं तेल पोचलं, मावशी!" देवळाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी तोंडाला पदर लावला. एवढं हसणं मला त्या वर्षात दुसरं कुठलं नव्हतं, ते खोटं कशाला सांगू.

आता उडदाचं सांगते.

एक दिवस मी विचारलं, शनीला कडी आहेत म्हणता, ती लोखंडाची का? सरांना राहवेना. माझी पितळेची थाळी ओढली, मध्ये तेलाची वाटी ठेवली आणि भोवती काळे उडीद गोल गोल मांडायला लागले. एक गोल, मध्ये फट, दुसरा गोल. बोटानं रेघा सारख्या करत होते, बायका रांगोळीची करतात तशा. म्हणाले, "बघा, कडं अखंड नाही. सुटे बर्फाचे खडे. सगळे फिरतायत."

तेवढ्यात एक गुजराती बेन आली, नेहमीची गिऱ्हाईक. थाळी बघून तिनं चप्पल काढली. "मौसी, ये क्या नया निकाला?"

सर म्हणाले, "अहो बाई, ही शनीची कडी आहेत."

"शनी का कडा? हां, तो वोही दो ना!"

"तसं नाही! हे फक्त समजावण्यासाठी..."

"समज गई, समज गई. बाहरवाला गोल अच्छा के अंदरवाला?"

सर जेवढं समजावतील तेवढी तिची खात्री वाढत गेली. शेवटी तिनं नमस्कार केला, बाहेरच्या गोलातले उडीद वेचून पुडीत घेतले आणि आत गेली. सरांनी कपाळाला हात लावला. शेवंता जमिनीवर लोळायची बाकी राहिली.

पुढच्या शनिवारी चारपाच बाया आल्या, कड्याचे उडीद आहेत का म्हणून. मी साधेच देत होते तर घेईनात. मग काय करू? मांडले. सर आले आणि बघून म्हणाले, "मावशी, हे बंद करा."

"तुम्हीच मांडलंत, सर."

"हो, पण मी वेगळ्यासाठी मांडलं."

"गिऱ्हाईकाला ते कुठं माहीत!"

ते खाली बसले. हळू आवाजात म्हणाले, "आयुष्यभर लोकांचं खूळ काढायचं म्हणतोय आणि स्वतःच्या हातानं एक नवं घातलं. कुणाला सांगू नका हां. शाळेत कळलं तर माझी वाट लागेल. पोरं फळ्यावर उडीद काढतील."

मी म्हटलं, "नाही सांगत." आणि नाही सांगितलं. मालकांनासुद्धा नाही.

त्याच दिवशी, बहुतेक मी गप्प राहणार म्हणाले म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "एवढं तेल रोज ओततात, ते जातं कुठे?"

हे विचारायचं नसतं. देवळाच्या भिंतीला बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. पण त्यांनी मला एवढे चंद्र दिले होते. मला वाटलं, माझ्याकडं देण्यासारखं एवढंच आहे. मी सांगितलं. देवाच्या अंगावरून तेल खाली येतं, मागच्या बाजूला चर आहे, चरातून डब्यात. बाबल गुरव ते फडक्यातून गाळतो आणि आम्हा बायकांना देतो. आम्ही तेच परत वाटीत भरतो. बाबलनं दिलेलं घेतलं नाही तर भिंतीला बसता येत नाही. नानांना ठाऊक आहे, त्यांच्याच हुकमानं चालतं.

म्हटलं, "तुमच्या त्या सारवलेल्या चंद्रासारखं. आतून येतं, पसरतं, परत आत जातं."

सरांनी मांडीवर थाप मारली. "वा, मावशी!"

"सर, पण हे पोटातलं सांगितलं. पोटात ठेवा."

"मी मास्तर आहे, मावशी. चुगलखोर नाही."

हे त्यांचे शब्द. शेवंता होती साक्षीला.

पुढच्या वर्षी गिरण्यांचा संप झाला. मालक घरी बसले. आता भिंतीची ती जागा म्हणजे आमची चूल. एक शनिवार चुकला तर पुढचे दिवस पेजेवर. सरांना ते माहीत होतं. कुसुमच्या वह्या फाटल्या तर ते पाठकोरे कागद शिवून द्यायचे. हे त्यांचं चांगलं आहे ते मी झाकून ठेवत नाही.

त्यांना विज्ञान मंडळ काढायचं होतं. पहिलं भाषण शनीच्या चंद्रांवर, शाळेच्या हॉलात. वहिनींनी मशीन भाड्यानं आणली. सर मला म्हणाले, "तुम्ही पुढं बसायचं. तुमचा सारवलेला एवढा मोठा दिसेल पडद्यावर, भिंतीएवढा. आणि थाळी आणा तुमची. कडी दाखवू लोकांना."

मी मऊ झालेलं पण चांगलं लुगडं नेसले, हिरवं. थाळी चिंचेनं घासली. उडीद निवडून नेले, खडा एक नाही, आणि तेलाची वाटी. नाना ट्रस्टी आले होते कारण शनीवर भाषण आहे, त्यांना वाटलं पुराण सांगणार. बाबल त्यांच्या मागं मागं.

दिवे घालवले. ठेचक्या आला, नवी नवरी आली, करपा आला. सर नाव घ्यायच्या आधी मी शेवंताला सांगत होते. सारवलेला आला तेव्हा सगळा हॉल उजळला. मी बघत बसले. मालक मागून म्हणाले, "ह्योच काय गो तो?" मी अंधारात मान हलवली.

पण बाकीची माणसं कंटाळली. एकानं शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, "ओ सर, पिच्चर लावा!" खुर्च्या सरकायला लागल्या. दार उघडून दोनचार जण गेले, बाहेरचा उजेड पडद्यावर पडला. सरांचा आवाज चढला. मला त्यांचं तोंड दिसत होतं. पाणी भरायला रांगेत उभं राहावं आणि नळ जावा, तसं तोंड झालं होतं.

म्हणाले, "दिवे लावा. मावशी, वर या."

मी थाळी घेऊन गेले. त्यांनी थाळी हातातून घेतली, वर धरली, आणि म्हणाले, "तुम्हाला आकाशातले चंद्र नकोत. ठीक आहे. तुमच्या देवळातला शनी बघू. या मावशी तुम्हाला तेल विकतात. ते तेल देवावरून ओघळतं, मागच्या चरातून डब्यात जातं, आणि पुन्हा यांच्या या वाटीत येतं. तेच तेल तुम्ही पुन्हा विकत घेता!"

सरकणाऱ्या खुर्च्या थांबल्या. मग हसू. गेलेली माणसं परत आली दारात.

नाना उभे राहिले. "मास्तर, तोंड सांभाळून."

सर म्हणाले, "मी पाहिल्याशिवाय बोलत नाही. मी स्वतः मागं जाऊन चर पाहिलाय. आणि खोटं असेल तर मावशी आहेत ना इथं. सांगा, मावशी. खरं की खोटं?"

माणसं माझ्याकडं बघत होती. बाबल जमिनीकडं. खोटं म्हणाले असते तर सर खोटे पडले असते. मी म्हटलं, "खरं."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तेल खरं होतं. सांगायला नको होतं, पण खरं होतं. पण लोक आता ऐकत होते ना. सरांनी वाटी मध्ये ठेवली, उडीद घेतले आणि भोवती गोल मांडले. हात सराईत. म्हणाले, "आणि हे पाहा. कड्याचे उडीद. दोन वर्षांपूर्वी हा विधी नव्हता. कुठल्या पोथीत नाही. या मावशींच्या टोपलीतून निघाला आणि आज अर्धं घाटकोपर घेऊन जातं. अंधश्रद्धा अशी जन्माला येते, तुमच्या डोळ्यांसमोर!"

टाळ्या पडल्या. शाळेची पोरं बाकं वाजवायला लागली. आमची कुसुम त्यांच्यात बसलेली, ती खाली बघत होती.

मी थांबले. मला वाटलं, आता सांगतील. आता हसून सांगतील की गंमत अशी झाली, मी मांडले होते. ते हाताला लागलेलं तेल रुमालाला पुसत होते. मी हळूच म्हटलं, "सर, पहिल्यांदा कोणी मांडलं तेपण सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. लोकांकडं बघूनच म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही, मावशी."

परत हसू.

मी सांगू शकले असते. दोन शब्दांचं काम. शेवंता खालून डोळे मोठे करून खुणावत होती, सांग गं, सांग. पण मी शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून. त्यांनी मोडला म्हणून मी मोडायचा, असं आमच्यात नाही. मी वाटी काढली, थाळी उचलली, उडीद पदरात ओतले आणि खाली उतरले. वहिनी मशीनपाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

आधीपासून ठरवून थाळी मागवली होती की तिथं उभं राहून सुचलं, ते मला अजून कळलेलं नाही.

शनिवारी गेले तर माझ्या जागेवर तुळशीची कुंडी. नवी, रंग ओला. बाबल आला आणि कुजबुजला, "नानांनी सांगितलंय, तुका बसूक देवचा नाय." मी म्हटलं, "आणि चर?" तो म्हणाला, "चर खंय जातलो!" म्हणजे चर होता, डबा होता, बाबल होता, शेवंता होती. तेलही तेच. आणि कड्याचे उडीद शेवंताच्या बाजूला दुसरी बाई विकायला लागली, देवळानंच बसवलेली. लोक भाषण ऐकून आले आणि आणखी मागायला लागले. फक्त मी नव्हते.

मग देवनार. कचऱ्याच्या डोंगरावर काच आणि प्लास्टिक वेचलं. रुईचा चीक परवडला म्हणायची पाळी आली. मालक संपातून उठले नाहीत, खोकल्यानं गेले. कुसुमची शाळा तिथंच राहिली. ती म्हणाली, मी नाही जात आये, पोरं मला उडीद म्हणतात. मीही जोर केला नाही, घरात धाकट्याला धरायला कुणी हवं होतं.

सर नाही आले. वहिनी आल्या एकदा, तांदळाची पिशवी घेऊन. उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "त्यांना वाटलं नव्हतं हो असं होईल."

मी म्हटलं, "वहिनी, पाहिलं नव्हतं तर बोलले कसे?"

त्या रडल्या. मी नाही रडले, मला काम होतं. पिशवी त्या ठेवून गेल्या. तांदूळ मी परत पाठवले नाहीत. घरात पोरं होती.

नंतर नाहूरला बस्तान बसलं. फाटकाजवळ कोथिंबीर, मिरच्या, लिंबं. शनिवार काय आणि बुधवार काय, सगळे दिवस सारखे. देवाचं काही विकायचं नाही असं मी ठरवलं. रागानं नाही. कोथिंबिरीत कुणी काही म्हणू शकत नाही, आज हिरवी असते, उद्या पिवळी, ती लपत नाही.

शेवटचे सर दिसले ते तिथंच. एकोणनव्वद साल. केस गेलेले, चष्मा जाड, शर्ट तोच पांढरा. मी तोंडाकडं बघायच्या आधी पायाकडं बघितलं. क्लिप होती.

"मावशी, ओळखलंत?"

"ओळखलं."

चष्मा पुसून परत लावला. मला वाटलं, आता. सात वर्षांनी का होईना, तोंडातून निघेल. उडीद मी मांडले होते, एवढंच म्हणायचं होतं. माफी मला नको होती. माफीचं मी काय करू? नुसतं तेवढं वाक्य हवं होतं, फाटकाशी दहा माणसं उभी होती, त्यांच्यासमोर.

ते उकिडवे बसले, पूर्वीसारखे. डोळे चमकायला लागले. म्हणाले, "मावशी, आपलं यान शेवटच्या ग्रहापाशी पोचलं! ते दुसरं, मान अडकलेलं. आता पुढं काही नाही, नुसता अंधार. आणि तिथं एक चंद्र सापडलाय, बर्फाचा, असा कुठंच पाहिला नव्हता. त्याच्यावर काय दिसलं माहितीये? बघा हं..." आणि त्यांनी माझ्या टोपलीतलं लिंबू उचललं.

मी त्यांच्या हातातून लिंबू काढून घेतलं. टोपलीत परत ठेवलं.

"सर, घ्यायचं असेल तर घ्या. मांडायचं नाही."

त्यांचा हात तसाच, लिंबू धरल्यासारखा. मग म्हणाले, "कोथिंबीर द्या एक जुडी." मी दिली. पिशवीत घातली, उठले, गुडघ्यावर हात ठेवून. फाटक पडलं होतं, गाडी जाईपर्यंत ते पलीकडं तोंड करून उभे होते. एकदा मान वळवली असं वाटलं, पण नसेलही. फाटक वर गेलं आणि ते माणसांत मिसळले. पायाची क्लिप तेवढी थोडा वेळ चमकत होती.

दोनतीन वर्षांनी शेवंताकडनं कळलं, गेले. मी अंघोळ केली. का केली, माहीत नाही.

त्यांना बोलू दिलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. ते बसले असते, लिंबू फिरवलं असतं, मी हसले असते, आणि सगळं झाकलं गेलं असतं. माझ्या कुसुमची शाळा झाकली गेली असती. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. पण तो चंद्र राहून गेला. ठेचक्या माहीत आहे, नवी नवरी, करपा, सारवलेला, सगळे डोळ्यांसमोर आहेत. तो शेवटचा तेवढा नाही. त्याला नावच ठेवलं नाही मी.

नातसून म्हणते मोबाइलवर दाखवते. मी नको म्हटलं. कुणाकडून तरी ऐकायचं आहे.

म्हणून हे वाचणाऱ्याला एवढी एकच विनंती. तुम्हाला माहीत असेल त्या शेवटच्या बर्फाच्या चंद्रावर काय दिसलं, तर नाहूरला या. फाटकाजवळ कुणालाही विचारा, कोथिंबीरवाली आजी कुठं राहते. चहा करीन. थाळी नको, उडीद नकोत, काही मांडू नका. नुसतं तोंडानं सांगा. आणि कुणाकडनं ऐकलं असेल, तर त्याचं नाव आधी घ्या.